उभ्याचा थांबा

खळव्याच्या उभ्या थांब्याची गोष्ट सांगण्याआधी दत्ताजीराव नलवडे नेहमी एक कबुली देत. यातलं आपल्याला खरोखर आठवतं ते किती आणि ऐकून ऐकून आठवणीसारखं झालेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही, असं ते म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. दगडाचा तुकडा हातात दिला तर तो डोंगराच्या कुठल्या थरातला ते सांगत. स्वतःच्या आठवणींपुढे मात्र त्यांचं शिक्षण थिटं पडे, आणि मग ते चष्मा काढून उगाच पुसत बसत.

थांबा दिसायला साधाच. गावापासून मैलभर वर, डोंगराच्या सोंडेवर डांबरी रस्ता संपतो, तिथे तो आहे. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी भिंत, आत दहा माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब बाक. बाकावर पांढराशुभ्र संगमरवर, त्यावर हळदीकुंकवाचे थर आणि हिरव्या बांगड्या. त्या बाकावर कोणी बसत नाही. एसटीची वाट बघणारी माणसं छपराबाहेर उन्हात उभी असतात. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या उभ्या असतात, कडेवर मूल घेतलेल्या बाया उभ्या असतात. नवखा कोणी चुकून टेकलाच तर चौघं एकदम ओरडतात, “अहो, उठा, उठा! आई बसलीय तिथं.”

दुसरी रीत याहून कडक. थांब्याच्या पुढे रस्त्यावर चुन्याचा आडवा पट्टा मारलेला आहे. त्या पट्ट्यापलीकडे चाक जात नाही. वर आणखी मैलभरावर धनगरांची वस्ती आहे, बावीस घरांची. तिथल्या कोणी सायकल घेतली तर ती पट्ट्याशी खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने वर न्यायची. दुधाच्या किटल्या डोक्यावरून येतात. आजारी माणूस डोलीतून येतो.

काही वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी जिल्ह्याहून तोडकर नावाच्या इंजिनिअरबाई आल्या. वाड्यावस्त्यांना रस्त्याने जोडायची नवी योजना आली होती आणि तिच्या यादीत ही वस्ती होती. बाईंच्या माणसांनी फीत पसरली, लाल खुणा केल्या. देवस्थान समितीचे अध्यक्ष आबा सपकाळ पांढरी टोपी नीट करत पुढे झाले.

“मॅडम, माप घ्या, चहा घ्या. पण रस्ता इथवरच. आईच्या पुढं चाक जात नाही.”

“असं कोणी ठरवलं?”

“ठरवायला आम्ही कोण? हा म्हाकू झोरे उभा आहे ना, ह्याचीच बायको आमची आई झाली. ह्यानंच शपथ घातली. ‘जी गाडी माझ्या ठकूला आली न्हाई, तिचं चाक ठकूला ओलांडून जायचं न्हाई.’ इथंच, ह्या बाकापुढं.”

म्हाकू काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. पंच्याहत्तरीचा, वाळून काटकी झालेला, खांद्यावर घोंगडी. बाई त्याच्याजवळ गेल्या. “बाबा, तुम्ही खरंच असं म्हणाला होता?”

“मला काय ठावं, बाई. मी काठीखाली व्हतो,” म्हाकू म्हणाला. “आमाला रस्ता पायजे. लिव्हा तसं.”

आबा हसले. “चळलाय म्हातारा. परवा माझ्या दारात येऊन म्हणतो, आबा, तुझ्या बापाची म्हस माझ्याकडं हाय, घेऊन जा. बाप जाऊन वीस वर्षं झाली माझा!”

जमलेली माणसं हसली. म्हाकू हसला नाही. “त्या म्हशीची नात हाय म्हणलो व्हतो. बाप मेला ते मला बी ठावं हाय. मीच खांदा दिला व्हता.”

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. दत्ताजीराव छपराच्या सावलीच्या कडेला उभे होते, हातात छत्री, पायात बूट. “सर, तुम्ही शिकलेले आहात. नेमकं काय घडलं होतं, तुम्ही सांगा.”

आबा म्हणाले, “हां, सरांनाच विचारा. सरांचं सांगणं म्हणजे पोथी.”

दत्ताजीरावांनी सांगायला सुरुवात केली. आवाज वर्गातला, संथ.

त्या काळी गाडी खाली गावात, उंबराच्या झाडाखाली यायची. दिवसातून एकच, सकाळी आठच्या सुमाराला. वस्तीच्या माणसांना त्यासाठी दोन मैल उतरावं लागे. मग गावात ग्रामसुधार समिती झाली. शाळेवर कौलं चढली, आडाला कठडा आला, आणि वस्तीलाही जवळ पडेल असा थांबा बांधायचं ठरलं. गावातला एक शिकलेला तरुण समितीचा चिटणीस होता. पुण्याला पुढचं शिक्षण चालू, सुटीला गावी आलेला. त्याने साखळी धरून गाव ते वस्ती सगळी वाट मोजली आणि बरोबर मधोमध चुन्याची खूण केली. गावाने मैलभर वर यायचं, वस्तीने मैलभर खाली. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. त्या न्यायाचा त्याला मोठा अभिमान वाटला, असं सांगतात. गावाने श्रमदानाने तिथवर कच्चा रस्ता काढला, पण मनातून लोक नाराज होते. दारातली गाडी सोडून डोंगर कोणी चढायचा?

तो तरुण कोण, हे दत्ताजीरावांनी सांगितलं नाही. बाईंखेरीज तिथल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. इतक्या वर्षांत कधीच कोणी बोललं नव्हतं, आणि हा आपल्याला दिलेला मान आहे की आणखी काही, हे दत्ताजीरावांना कधी ठरवता आलं नव्हतं.

पण त्या मधोमधच्या जागी आधीपासून एक चपटा दगड होता. वस्तीचं मसणवट खाली ओढ्याकाठी. मयत नेताना धनगर अर्ध्या वाटेवर त्या दगडावर तिरडी टेकवत आणि खांदेकरी बदलत. तो त्यांचा विसावा. आणि त्यांचा पिढ्यांचा दंडक असा, की जित्या माणसाची डोली वाटेत भुईला लावायची नाही. वेळूच्या काठीला घोंगडी बांधायची, तिच्यात आजारी माणूस निजवायचा आणि थेट गाडीपाशी किंवा वैद्याच्या दारातच खाली घ्यायचा. वाटेत टेकवली की ती डोली राहत नाही, तिरडी होते. विसाव्यावर तर टेकवायचा विचारसुद्धा करायचा नाही.

वस्तीतल्या बिरू नावाच्या म्हाताऱ्याने त्या तरुणाला सांगून पाहिलं होतं म्हणे. “पोरा, तिथं आमी मढं टेकवतो.”

तरुण हसून म्हणाला, “आजोबा, आता तिथं जिती माणसं टेकतील.”

तो दगड बाकाच्या पायात गेला.

दसऱ्याच्या दिवशी थांब्याचं उद्घाटन झालं. सभापती जीपमधून आले, फीत कापली, आपट्याची पानं वाटली. उद्यापासून गाडी इथवर येईल, असं त्यांनी भाषणात सांगितलं. भाषण संपल्यावर तो तरुण वस्तीच्या माणसांत गेला आणि त्याने एकेकाला समजावलं, “आता खाली उंबरापर्यंत जायचं नाही. इथंच थांबायचं. गाडी इथंच येणार.” मग सभापतींच्याच जीपमधून तो पुण्याच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी वस्ती जवळजवळ रिकामी होती. सगळे बिरोबाच्या जत्रेला गेलेले. म्हाकू, त्याचा धाकटा भाऊ धुळा आणि म्हाकूची बायको ठकू तेवढी म्हशींसाठी मागे राहिलेली. उजाडताना ठकू गवत कापायला गेली, तो कारवीतून गवा आला आणि त्याने तिला बरगडीखाली ढुसलं. दोघा भावांनी डोली बांधली. एक पुढे, एक मागे, ते आठच्या आधी थांब्याशी येऊन उभे राहिले.

“आणि मग उभेच राहिले,” दत्ताजीराव म्हणाले.

ठकू तेव्हा शुद्धीवर होती म्हणे. मधूनमधून विचारायची, “आली का वो गाडी?”

“येतीय. निघाली आसंल,” म्हाकू म्हणायचा.

“मी जड झाले न्हवं?”

“छ्या. पाचोळ्यावानी हायस.”

“म्हशीची धार राहिली. ती खवळंल.”

“खवळू दे. तुझ्यावाणीच हाय ती.”

त्यावर ती हसली म्हणे, आणि हसल्यावर दुखलं म्हणून म्हाकूला शिवी दिली.

बाक तिथेच होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नवाकोरा, गुळगुळीत. त्यावर डोली टेकवावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. आलं असेल तरी कोणी बोललं नाही. एकाने खाली पळत जाऊन गाडी बघावी तर दुसऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर डोली राहत नाही. दोघांनी मिळून पुढे मैलभर उतरावं, तर शिकल्यासवरल्या माणसाने कालच सांगितलेलं, इथंच थांबायचं. निम्म्या वाटेत गाडी समोरून येईल आणि अरुंद रस्त्यावर वळायला जागा नसेल, म्हणून वाटेत गाडी गाठायची नाही, हेही त्यानेच सांगितलेलं. दर घटकेला वाटायचं, आता येईल. ऊन चढलं. खांदे बदलायला कोणी नव्हतं. काठी मांसात रुतली. तिचा वळ म्हाकूच्या खांद्यावर अजून आहे.

उन्हं डोक्यावर आली तशी ठकू विचारायची थांबली. मग मागून धुळा म्हणाला, “दादा, आता टेकवाय हरकत न्हाई.”

त्यांनी तिला बाकावर टेकवलं. बसायला म्हणून केलेल्या त्या बाकावर टेकलेलं पहिलं माणूस ते.

इथून पुढे गोष्ट देवळाची होते. दत्ताजीरावांनी तीही सांगितली. घोंगडी उलगडली तेव्हा आत बाई नव्हतीच, हळदीकुंकवाची रास होती, असं सांगतात. त्या वर्षी गावातली दोन घरं एकाच आठवड्यात तापाने झोपली, आणि त्यांतल्या एका बाईच्या स्वप्नात उभी बाई आली, अंगावर घोंगडी, बसायला जागा मागत होती. मग बाकाला शेंदूर लागला, नवस सुरू झाले, मंगळवारी गर्दी होऊ लागली. गर्दीसाठी रस्ता पक्का झाला, गर्दीसाठी गाड्या वाढल्या. ओढ्याकाठी आपण आपल्या हाताने तिला अग्नी दिला, असं म्हाकू अनेकदा सांगत असे. पण ते गोष्टीत बसत नाही, म्हणून ते कोणी गोष्टीत घेत नाही.

तोडकरबाई वहीवर पेन ठेवून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, “पण सर, गाडी का आली नाही?”

हा प्रश्न दत्ताजीरावांना नवा नव्हता. तो त्यांनी स्वतःला उभ्या आयुष्यात इतक्यांदा विचारला होता की त्याला धारच उरली नव्हती. त्या वेळी घरून पुण्याला पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं की घाटात दरड कोसळून गाडी अडकली आणि वस्तीतली एक बाई दगावली. गावातही सगळे तेच सांगत. पुढे नोकरीत असताना ते दोन सुट्यांत घाट चढून उतरले होते, हातोडी आणि वही घेऊन. कडा भक्कम काळ्या कातळाचा. दरडींच्या जुन्या खुणा दोन सापडल्या, दोन्ही त्यांच्या जन्माच्याही आधीच्या असाव्यात अशा. पण असाव्यात म्हणजे काय? लहानशी दरड पडून चार दिवसांत उचलली गेली असेल तर तिची खूण राहते कुठे? पुरावा नव्हता. आणि पुराव्यावाचून गावाला खोटं म्हणणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. निदान ते स्वतःला असं सांगत. ही शिस्त आहे की भीती, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं.

“घाटात दरड कोसळली होती, असं सांगतात,” ते म्हणाले.

“आणि ही चाकाची शपथ?”

पहिल्या वर्षांत ही शपथ त्यांनी कधी ऐकली नव्हती. देवस्थानची समिती झाली आणि मंगळवारची दुकानं थांब्याभोवती लागली, त्यानंतर केव्हातरी ती कानावर यायला लागली. रस्ता वर गेला तर गाडी वस्तीवर जाईल, दुकानं ओस पडतील. हे सगळं त्यांना समजत होतं. पण आधी ऐकली नव्हती म्हणजे नव्हतीच, असं कसं म्हणावं? ते तेव्हा गावात राहतच नव्हते. आबा सपकाळ त्यांच्याकडे बघत होते. म्हाकूही बघत होता.

“असं सांगतात,” दत्ताजीराव पुन्हा म्हणाले.

म्हाकू दोन पावलं पुढे आला. आवाज चढवला नाही. “सायेब, दुसरं ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणला हितंच थांबा, आमी थांबलो. तेवढं तरी सांगा की त्यांला.”

दत्ताजीरावांनी चष्मा काढला. काच स्वच्छ होती, तरी धोतराच्या सोग्याने पुसली. तेवढ्यात आबांनी हाळी दिली, “अरे, चहा आणा रे! मॅडम कधीच्या उभ्या आहेत,” आणि कप आले, बशा वाजल्या, माणसं बोलायला लागली. बाई काही क्षण दत्ताजीरावांकडे पाहत राहिल्या, उत्तर येईल म्हणून. मग त्यांनी वहीत लिहिलं. स्थानिक लोकांची श्रद्धा लक्षात घेता थांब्यापुढील काम घेऊ नये, असं काहीतरी. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, “सर, तुमच्यासारख्यांनी सांगितल्यावर आम्ही काय बोलणार?”

वस्तीसाठी आलेली खडी आठ दिवसांनी थांब्यापाशीच उतरली. तिच्यातून गाड्या उभ्या करायचं मैदान झालं आणि पलीकडे सभामंडप. मंडपात पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे, बायकांसाठी वेगळी खोली आहे. लाल खुणांवरून गवत वाढलं.

म्हाकू त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेला. वस्तीची माणसं त्याला खांद्यावर घेऊन उतरली. थांब्याशी आल्यावर रीतीप्रमाणे विसाव्याला टेकवायला गेली, तर समितीच्या माणसांनी अडवलं. आईच्या जागेवर मयत टेकवतात का? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न थांबता, खांदे न बदलता, ते त्याला तसेच ओढ्यापर्यंत घेऊन गेले. दत्ताजीराव मागून चालत होते. त्या मैलात ते एकदा पुढे झाले आणि खांदा द्यायला हात वर केला. धुळा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमाला झेपायचं न्हाई.” तो रागाने म्हणाला की काळजीने, यावर दत्ताजीराव पुढे पुष्कळ दिवस विचार करत राहिले.

आजही खळव्याच्या थांब्यावर माणसं उभी असतात. बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन येतात, बाकाचे फोटो काढतात, चुन्याच्या पट्ट्याशी चपला काढून हात जोडतात आणि वर जाणाऱ्या पायवाटेकडे बघून, केवढी ही श्रद्धा, असं म्हणतात. मंगळवारी सहा गाड्या येतात. पट्टा दर दसऱ्याला नव्याने मारला जातो. आजही वस्तीवरून डोली उतरते आणि आजही ती कोणी वाटेत टेकवत नाही.

म्हाकू गेल्यानंतर दोन वर्षांनी दत्ताजीराव मोतीबिंदूसाठी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर मुजावर म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. खळव्याचं नाव निघताच ते म्हणाले, “त्या लायनीवर माझी पहिलीच ड्युटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लागली होती. उंबराखाली गाडी लावली तर लोकांनी मला सोनं दिलं, म्हणून लक्षात आहे.” दत्ताजीरावांनी साल विचारलं. पुन्हा विचारलं. मग घाटाचं विचारलं. बरे झाल्यावर त्यांनी त्या गाडीच्या ड्रायव्हरचा पत्ता काढला, त्याच्या घरी जाऊन तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारले, आणि दोघांचं सांगणं अक्षराअक्षराने जुळलं. दरड कोसळली नव्हती. वरच्या थांब्याचं समितीच्या चिटणीसाने आगाराला कधी कळवलंच नव्हतं. गाडी त्या दिवशी आली होती, आठ वाजून दहा मिनिटांनी, उंबराखाली. खळव्याची नऊ माणसं चढली. गाडी आणखी मैलभर वर न्यायची आहे, असं त्या नवांपैकी एकही माणूस बोललं नाही.